वन्समोअर

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात गाता येणारे दोन, नीट ऐकू येणारे सात आणि सूचना करणारे बेचाळीस सभासद आहेत. (एकूण सभासद बेचाळीसच.) त्यामुळे वर्धापनदिनाला काय करायचं हा प्रश्न दरवर्षी तीन सभा खातो. यंदा मात्र पहिल्याच सभेत एकमत झालं : जुन्या संगीत नाटकांतली पदं! कुणी 'सौभद्र' म्हणालं, कुणी 'मानापमान' म्हणालं, माजी हेडमास्तरांनी जागच्या जागी डोळे मिटून एक तान घेतली. ती तान परत जमिनीवर उतरेपर्यंत चहा निवून गेला आणि ठराव पास झाला.

निवेदन माझ्याकडे आलं. कारण उघड आहे. छत्तीस वर्षं बँकेच्या काउंटरवरून 'टोकन नंबर सत्तावीस' असं ओरडल्यामुळे माझ्या आवाजाला माइक लागत नाही. प्रत्येक पदाआधी दोन मिनिटं त्या नाटकाची गोष्ट सांगायची, एवढंच काम. मी म्हटलं, यात काय आहे? हे तर आपल्या रक्तातच आहे.

आता खरं सांगायचं तर रक्तात आहे ते सगळं ऐकीव. माझा जन्म १९५१ सालचा. बालगंधर्वांची सिंधू मी पाहिलेली नाही, पण ती मला स्पष्ट आठवते. तिच्या लुगड्याचं ठिगळसुद्धा आठवतं. आठवणींना तिकीट लागत नाही, हा त्यांचा मोठा फायदा. माझं संगीत नाटक म्हणजे आकाशवाणी नागपूर, घरातला खरखरणारा रेडिओ आणि आमची आक्का, म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तूर निवडता निवडता ती जी पदं गुणगुणायची, ती मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली.

शिवाय वाशीमच्या माणसाला या विषयाचा थोडा माजही आहे. जिल्हा म्हणून आम्ही अगदी पोरवयाचे. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळे निघालो. पण गाव म्हणून आम्ही वाकाटकांचं वत्सगुल्म. हजार-अकराशे वर्षांपूर्वी राजशेखर नावाच्या पंडितानं 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं, ते याच वत्सगुल्मात! काव्य आणि साहित्य यांचं लग्न ज्या गावात लागलं, त्या गावातल्या माणसाला दोन मिनिटांचं निवेदन जमणार नाही?

निवेदन मी वहीत लिहून काढलं. ते टाइप करायला नात होती. ती पुण्याला वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि दिवाळीच्या सुट्टीत आली होती. घरात वकील असावा असं मला फार वाटायचं. पण तो आपल्या बाजूनं असावा, हे म्हणायचं राहून गेलं होतं.

सुरुवात 'सौभद्रा'नं केली. अण्णासाहेब किर्लोस्करांचं १८८२ सालचं नाटक. मी ऐटीत लिहिलं होतं : 'सुभद्रेचं अर्जुनावर प्रेम. बलरामदादा तिला दुर्योधनाला देऊ पाहतात. मग श्रीकृष्ण युक्तीनं सगळं जुळवून आणतात. घटोत्कच झोपलेल्या सुभद्रेला उचलून अरण्यात आणतो. पुढे अर्जुन संन्याशाच्या वेषात बलरामाच्याच घरी उतरतो...'

टाइप करणारी बोटं थांबली.

"आजोबा, झोपलेल्या मुलीला उचलून जंगलात?"

"अगं, पण तिचं प्रेम होतं ना त्याच्यावर!"

"मग तिला उठवून विचारायचं. ती हो म्हणाली असती."

"मग नाटक एका अंकात संपलं असतं."

"आणि हा खोटी ओळख सांगून तिच्या घरात राहतो. त्याला आधीची बायको आहे. आणि सगळं ठरवतं कोण? एक भाऊ या बाजूनं, एक भाऊ त्या बाजूनं."

मी वऱ्हाडी अस्मितेला हात घातला. म्हटलं, आपली रुक्मिणी बघ. कौंडिण्यपूरची, म्हणजे अमरावती जिल्ह्यातली, आपल्या शेजारची. तिनं स्वतः कृष्णाला चिठ्ठी पाठवली होती, मला येऊन घेऊन जा म्हणून.

"लेखी संमती," नात म्हणाली. "तिथे माझा आक्षेप नाही."

खाडिलकरांच्या 'मानापमाना'ला हात लावताना मी जरा जपूनच होतो. १९११ सालचं नाटक, गोविंदराव टेंब्यांच्या चाली. अगदी २०२५ साली त्याच्यावर नवा सिनेमासुद्धा आला, म्हणजे अजून चलनात असलेली नोट. भामिनी श्रीमंत घरची. धैर्यधर शूर पण गरीब. ती त्याला नाकारते, मग गर्व उतरल्यावर वनमाला हे नाव घेऊन त्याच्याच छावणीत जाते.

"म्हणजे मुलगी नाही म्हणाली, हा तिचा गुन्हा," नात म्हणाली, "आणि उरलेलं नाटक म्हणजे शिक्षा."

"अगं, ती गरिबीला हिणवते."

"ते चूकच. पण मग लक्ष्मीधराला कोण सुधारतंय? तो तर श्रीमंतही आहे आणि भित्राही. त्याला कुणी छावणीत शुश्रूषेला पाठवलं नाही."

लक्ष्मीधराला शुश्रूषेला पाठवलं तर पेशंट दगावतील, असा विनोद मी केला. तो टाइप झाला नाही.

'एकच प्याला' काढला तेव्हा माझी कल्पना होती की इथे तरी नात विरघळेल. गडकरी आमच्या विदर्भाच्या मातीतच शांत झाले, सावनेरला, २३ जानेवारी १९१९ ला. आणि चार आठवड्यांनी बडोद्याला त्यांचं हे नाटक रंगभूमीवर आलं. सुधाकर वकील असतो. (हे मी मुद्दाम ठसक्यात वाचलं.) त्याची सनद काही काळ रद्द होते, तळीराम त्याला पहिला प्याला देतो आणि संसाराची राख होते. सिंधू लोकांची दळणं दळते, मार खाते, आणि मरताना फौजदाराला खोटं सांगून नवऱ्याला वाचवते.

नात विरघळली नाही. तिनं कलमं सांगायला सुरुवात केली. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा, नवऱ्याकडून होणाऱ्या छळाचं पूर्वीचं ४९८-अ, जे आता नव्या न्याय संहितेत कलम ८५ झालंय. वर म्हणाली, "आणि तुम्ही लिहिलंय, सिंधू म्हणजे स्त्रीत्वाचा परमोच्च आदर्श. आजोबा, तुम्ही हे माझ्यासमोर माइकवर वाचणार?"

मी मदतीसाठी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आमच्या सौभाग्यवती पन्नास वर्षांत माझ्या वाङ्मयीन वादात कधी पडल्या नव्हत्या. त्या दिवशी पडल्या.

"काऊन हो," ती तिथूनच म्हणाली, "त्या सिंधूच्या दळणाला तुम्ही सगळे डोळे पुसून वन्समोअर देता. आपल्या घरचा दळणाचा डबा कोपऱ्यावरच्या गिरणीत न्यायला कधीपासून सांगून राहिले मी?"

त्या डब्यात सोमवारपासून गहू होते आणि त्या दिवशी शुक्रवार होता.

नाही म्हणायला 'संशयकल्लोळ' सुटलं. मूळ मोलिएरचं फ्रेंच नाटक, तिथून इंग्रजीत, तिथून गोविंद बल्लाळ देवलांच्या मराठीत. देवलांनी पात्रांची नावं महिन्यांवरून आणि नक्षत्रांवरून ठेवली : फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या, रेवती, कृत्तिका. पंचांगच रंगभूमीवर आणलं. फाल्गुनराव बायकोवर संशय घेतो, बायको फाल्गुनरावावर घेते, अश्विनशेठ रेवतीवर घेतो, रेवती अश्विनशेठवर घेते.

"इथे समानता आहे," नात म्हणाली आणि ते न कापता टाइप केलं.

दुसऱ्या दिवशीच्या सभेत मी ही सगळी आक्षेपांची यादी ठेवली. आधी सगळे हसले. मग कुणी चिडले. मग हेडमास्तरांनी 'आजची पिढी' या विषयावर सतरा मिनिटं घेतली. खजिनदार मवाळ माणूस. ते म्हणाले, कशाला वाद, आपण भजनं आणि गवळणी ठेवू. त्यावर एक निवृत्त बाई उभ्या राहिल्या. आख्खी हयात मुलींच्या शाळेत गेलेली. त्या म्हणाल्या, "गवळणीत तरी काय होतं? बाजाराला निघालेल्या बायांची वाट अडवतात आणि मडकी फोडतात." सभा एकदम शांत झाली. या हिशेबानं कार्यक्रमात राष्ट्रगीत तेवढं उरत होतं आणि ते पूर्ण करायला बावन्न सेकंद लागतात.

घरी आलो तो तणतणतच. नातीला म्हटलं, तुम्हा पोरांना एक समजत नाही. त्या काळाला त्या काळाच्या मापानं मोजावं. कालच्या माणसाला आजचा अंगरखा घालून 'बघा, बसत नाही' म्हणायचं, हा कुठला न्याय? आणि ही नाटकं काय सनातनी होती? 'शारदा' घे. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्यानं मुलीचं वय दहाचं बारा करायचं म्हटलं, तर महाराष्ट्रात केवढं रण माजलं. त्यानंतर आठच वर्षांनी, १८९९ साली देवलांनी 'शारदा' आणलं. पैशासाठी पोरीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधणारा बाप त्यांनी रंगभूमीवर उभा केला, सगळ्या बापांच्या डोळ्यांसमोर. तुझ्या आज शोभणाऱ्या या कलमांच्या आधी कुणीतरी ही बोंब ठोकली होती, आणि ती यमनात, भूपात ठोकली होती!

नात यावेळी भांडली नाही. 'शारदे'ची गोष्ट मी वहीत लिहिलेली तिनं नीट वाचली. मग म्हणाली, "आजोबा, हे लग्न मोडतं कशानं?"

"कोदंड येतो आणि भर मांडवात थांबवतो."

"कशावरून?"

मी वही पाहिली. मीच लिहिलं होतं. "नवरा-नवरी सगोत्र निघतात."

"म्हणजे मुलगी कोवळी आहे, नवरा पंच्याहत्तरीचा आहे, बापानं पैसे घेतलेत, यातलं काहीच पुरेसं नव्हतं. गोत्र निघालं म्हणून वाचली. वेगळं गोत्र असतं तर?"

साठ-पासष्ट वर्षं ही गोष्ट मला ठाऊक आहे. हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता. मी म्हटलं, "देवलांनी तरी काय करावं? तेव्हा तेवढाच कायदा होता."

"मी देवलांना दोष देतच नाहीये," ती म्हणाली. "तुम्ही एवढी सगळी पदं पाठ केलीत, तुम्हाला काय वाटायचं ते विचारतेय."

मला वाटायचं, चाल गोड आहे. हे मोठ्यानं म्हणायला जड गेलं म्हणून मी विषय बदलला. म्हटलं, पदं मी पाठ नाही केली, आक्कानं करून घेतली.

"आक्का म्हणजे फोटोतल्या? त्या तुमच्याकडेच राहायच्या ना?"

"हो. अठराव्या वर्षी परत आली ती. यजमान गेले तापानं. बिजवर होते, चाळिशीचे. माणूस वाईट नव्हता म्हणायची."

"लग्न कधी झालं त्यांचं?"

"बाराव्या वर्षी. १९३० साली, फाल्गुनात."

नातीनं मान वर केली. "फाल्गुन म्हणजे मार्च ना? १९३० चा मार्च?"

"असेल. का?"

"बालविवाहाचा कायदा १९२९ ला पास झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मुलीचं वय किमान चौदा. त्याआधी ठिकठिकाणी घाईघाईनं लग्नं उरकली लोकांनी."

वाचकहो, मी छत्तीस वर्षं बँकेत काढली आहेत. मार्च एंडिंग म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. एकतीस तारखेच्या आत नोंद घालायची, मग कुणी काही म्हणू शकत नाही. अशा छत्तीस मार्च एंडिंगांना मी रात्री दोनदोन वाजता घरी आलोय. पण आमच्या आक्काचं लग्न ही मार्च एंडिंगची एन्ट्री होती, हे मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी, माझ्याच टेबलाशी बसलेल्या एका पोरीनं टॅली करून दाखवलं.

आणि मग एकेक आठवायला लागलं. आक्का म्हणायची, "माझ्या वेळेला शारदेला पंधरा दिवस उशीर झाला, बाप्पा." आम्ही हसायचो. लोक त्याला 'शारदा कायदा' म्हणत, त्यामुळे तिची पक्की समजूत होती की नाटकातल्या शारदेमुळेच तो झाला. खरं तर तो अजमेरच्या हरविलास सारडा यांच्या नावाचा. कॉलेजात गेल्यावर मी मोठ्या हुशारीनं तिची चूक दुरुस्त केली होती. ती एवढंच म्हणाली, "असेल बाबा." पंधरा दिवस कसले, ते मात्र मी विचारलं नाही.

आमचे आजोबा, म्हणजे आक्काचे वडील, नाटकाचे मोठे शौकीन. तरुणपणी बैलगाडीनं अकोल्याला जाऊन त्यांनी 'शारदा' पाहिलं होतं. नाटकात ढसाढसा रडलो, असं तेच सांगत, आणि दोन पदांना वन्समोअर दिला होता म्हणत. त्यानंतर पंधरा-एक वर्षांनी त्यांनी आपली बारा वर्षांची मुलगी चाळिशीच्या बिजवराला दिली. त्यांना आणखी तीन मुली होत्या आणि डोक्यावर सावकार होता. ते दुष्ट नव्हते. मला मांडीवर घेऊन मळ्यातल्या कणसाचे दाणे सोलून द्यायचे. नाटकात रडले ते रडणंही खरंच होतं.

'शारदे'त म्हाताऱ्या नवऱ्याची टर उडवणारं एक पद आहे. सगळ्यांना ठाऊक असलेलं. आक्का ते फार फक्कड म्हणायची आणि आम्ही पोरं टाळ्या पिटायचो. पण एक गोष्ट तेव्हा रोज पाहून कधी ध्यानात आली नव्हती. आजोबा ओसरीवर असले की आक्का त्या पदाची नुसती चाल गुणगुणायची. ते पद्मतीर्थाकडे फिरायला गेले, की शब्दांसकट म्हणायची. आजोबा ओसरीवरून कौतुकानं म्हणत, "आमच्या आक्काचा गळा किती गोड!"

मीसुद्धा तोच गोड गळा ऐकत मोठा झालो. आजोबांसारखाच, ओसरीवर बसून. फरक एवढाच की माझ्यासमोर तिनं शब्द लपवले नव्हते.

आक्का १९८६ साली गेली. आता विचारायचं कुणाला?

त्या रात्री मी सगळं निवेदन फाडून पुन्हा लिहिलं. यादीतलं एकही पद कमी केलं नाही. नातीनंही तसं म्हटलं नव्हतं. तिनं फक्त प्रश्न विचारले होते, घाबरलो होतो आम्ही. 'परमोच्च आदर्श' तेवढा काढून टाकला. सुभद्रेला उठवून विचारलं असतं तर नाटक एका अंकात संपलं असतं, हे मात्र ठेवलं. त्याला कार्यक्रमात सगळ्यात मोठा हशा आला आणि तो बायकांच्या बाजूनं आला.

'शारदे'च्या पदाआधी मी दोन मिनिटांऐवजी चार मिनिटं घेतली. आक्काचं नाव सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की हे पद एक बाई वडील घरात असले की चालीवर म्हणायची आणि बाहेर गेले की शब्दांवर. आज सगळे घरात आहेत, तरी शब्दांवर म्हणू या. गाणारी मुलगी कॉलेजातली होती, तिनं ते झणझणीत म्हटलं. पुढच्या रांगेत नव्वदीच्या आसपासच्या एक आजी होत्या, मुलानं हाताला धरून आणलेल्या. त्यांना ऐकू येत नाही असं तो सांगत होता. त्यांचे ओठ पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत हलत होते.

मागून कुणीतरी "वन्समोअर!" ओरडलं. हेडमास्तरांचा आवाज होता. मी नातीकडे पाहिलं. तीही टाळ्या वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दळणाचा डबा घेऊन गिरणीत गेलो. कोपऱ्यावरची गिरणी, दोन मिनिटांचं अंतर, पण पन्नास वर्षांत मला रस्ता विचारावा लागेल की काय अशी सौभाग्यवतींना शंका होती. गिरणीवाल्यानं डबा पाहून विचारलं, "आज बाई आजारी आहेत का?" म्हटलं, नाही, मी बरा झालोय.

गिरणीच्या घरघरीत आपल्याला कुणी ऐकत नाही असं समजून मी ते पद म्हणत होतो. शब्दांसकट. पट्टा थांबला तेव्हा मला ते कळलं नाही, आणि रांगेतल्या चार बाया डबे सांभाळत माझ्याकडे बघत होत्या. त्यातली एक म्हणाली, "म्हना ना काका, थांबले काऊन?"